मदत हवी आहे : संरक्षण लेखा विभागातून निवृत्त होणाऱ्या मॅडमचं मानपत्र

लष्कराच्या अर्थसंकल्पाचं काम केलेल्या मॅडम महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. सत्कार कोल्हापुरात, दसरा चौकात, शाहू स्मारकला. शाल-फेटा ठरलंय, हुपरीची चांदीची समई त्यांनीच नको म्हटलं. अडलंय मानपत्रावर. चौकट १२ बाय १८ इंची, मजकूर १२० शब्दांच्या आतच हवा. जास्त भरला की अक्षरं बारीक होतात आणि व्यासपीठावर वाचणाराच अडखळतो. ‘कर्तव्यदक्ष’, ‘देशसेवा’ घालून पाहिलं, पण ते कुणालाही चिकटवता येतं. रकमा आणि तुकड्यांची नावं घालायची नाहीत. महसुली-भांडवली खर्चाची (पगार-देखभालीसारखा रोजचा आणि शस्त्रं-बांधकामासारखा टिकाऊ) विभागणी, सुधारित अंदाज (वर्ष चालू असताना पुन्हा मांडलेला खर्चाचा हिशोब), ३१ मार्चला न वापरलेला निधी लॅप्स (रद्द) होऊ नये म्हणून वेळेत केलेलं फेरवाटप, हे घरच्या मंडळींनाही कळेल असं दोन-तीन ओळींत कसं लिहाल?