अनुभव धागा: गव्हाच्या शेतातलं यान, आणि अशी तुमची गावं

पाऊसवेडी
परवा आईकडचं कपाट आवरताना बाबांचा एक फोटो हाती लागला. मोठ्या यानाच्या पुतळ्यापुढे उभे आहेत आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं स्टार ट्रेकमधल्या स्पॉकच्या सलामासारखी फाकवायची खटपट चालली आहे. अंगात माझा जांभळा स्वेटर. तिथेच बसून राहिले मी.

गाव व्हल्कन, आल्बर्टा, कॅनडा. कॅलगरीहून दक्षिणेला साधारण सव्वा-दीड तास. दोन्ही बाजूंना नुसतं शेत, मध्येच एखादं घर, आणि वर एवढं मोठं आभाळ की बाबा गाडीत पुढे वाकून काचेतून वरच बघत होते. दूरदर्शनवर स्टार ट्रेक ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका लागायची तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकांकडे जायचो. बाबांचं इंग्रजी बेताचंच. पण त्यातला स्पॉक, परग्रहावरचा तो शांत अधिकारी, आला की म्हणायचे, "हा माणूस चिडत नाही बघ." त्यांना चिडका साहेब मिळाला होता, म्हणून असेल.

२०१२ साली माझ्याकडे आले. बांफचे डोंगर दाखवले, "छान आहे" म्हणाले. मग नकाशा बघता बघता बोट ठेवलं, "हे व्हल्कन काय गं?"

खरं तर गावाचं नाव मालिकेच्या कितीतरी आधीचं. रेल्वेच्या मोजणीदाराने रोमन अग्निदेवाचं नाव दिलं, तेव्हा तिथल्या रस्त्यांनाही देवदेवतांची नावं होती. पुढे मालिकेत स्पॉकच्या ग्रहाचं नाव व्हल्कन निघालं, आणि गावाने तो योगायोग मनापासून आपलासा केला. १९९५ मध्ये वेशीवर ३१ फुटी यान उभारलं. त्याच्या पाटीवर इंग्रजी, आणि मालिकेतल्या व्हल्कन आणि क्लिंगॉन, अशा तीन भाषा! पर्यटन केंद्राची इमारतसुद्धा यानासारखीच. आणि २०१० च्या एप्रिलमध्ये स्पॉकचं काम करणारे खुद्द लेनर्ड निमॉय येऊन गेले. स्पॉकचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे, शेजारी निमॉयच्या हाताचा ठसा, स्पॉकच्या सलामातल्यासारखाच, दोन-दोन बोटं जोडून.

बाबांना संधिवात. यानापाशी बोटं काही केल्या फाकेनात. मग या ठशावर त्यांनी हात ठेवला, एकेक बोट सरकवत नेलं, आणि बसला की हात बरोबर! बराच वेळ काढलाच नाही. ब्राँझ उन्हाने तापलं होतं, मी म्हटलं "भाजेल", तर म्हणाले, "शेकतंय, बरं वाटतंय."

बाबा जाऊन चार वर्षं झाली. माळरानातल्या अशा कुठल्या गावाला तुम्ही गेला असाल तर लिहा. छोटंसंही चालेल.

चकलीताई
अगं काय लिहिलंयस. कुकर लावला होता, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

मक्याचंकणीस
आम्ही अमेरिकेत, आयोवात. रिव्हरसाइड गाव इथून जवळ. स्टार ट्रेकमधल्या यानाचा कप्तान कर्क, त्याचं *भावी* जन्मगाव! मालिकेच्या कर्त्याने कर्क आयोवातल्या छोट्या गावचा एवढंच म्हटलं होतं, गावाचं नाव नव्हतं. १९८५ मध्ये गावच्या कौन्सिलमधल्या एकाने सुचवलं, ते गाव आपलंच म्हणूया. दगडावर तारीख कोरलीय, २२ मार्च २२२८. जूनच्या शेवटी जत्रा भरते, मिरवणूक वगैरे.
सासूबाईंना नेलं होतं. त्यांना वाटलं कुणा थोर माणसाचं स्मारक, त्यांनी चपला काढल्या. मी सांगितलं, आई, हा अजून जन्मायचाय. त्या म्हणाल्या, "मग तर नमस्कार आधीच केलेला बरा."

पाऊसवेडी
@मक्याचंकणीस 😂😂 तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

थंडीतलाकोकणी
कॅनडातल्याच सस्कॅचेवान प्रांतात नऊ वर्षं काढली. रूलो बघायला हवं होतं तुम्ही, रेजायनाहून पाऊण तासावर. कॉर्नर गॅस या विनोदी मालिकेचं डॉग रिव्हर म्हणजे हेच गाव. २००४ ते २००९ चालली. पहिल्या हिवाळ्यात मला इंग्रजी येत असूनही इथले विनोद कळायचे नाहीत. ही मालिका लावून बसायचो, हळूहळू कळायला लागलं की ही माणसं आपल्या मालवणच्या पारावरच्यासारखीच, कमी बोलून टोमणा मारणारी.
रूलोतल्या एलेव्हेटरवर डॉग रिव्हर अशी मोठी अक्षरं होती. (लिफ्ट नव्हे हो, इथे धान्याच्या उंच लाकडी कोठाराला एलेव्हेटर म्हणतात. रेल्वेच्या रुळालगत असतं, धान्य वर चढवून साठवायचं आणि खाली वाघिणीत सोडायचं. सपाट मुलखात पुढचं गाव आलं हे यावरूनच कळायचं.) मालिकेचा पेट्रोल पंप २०१६ मध्ये पाडला. २०२१ च्या नोव्हेंबरात ते एलेव्हेटरही जळालं. त्या रात्री मी फोनवर ज्वाळा बघत होतो आणि बायको विचारत होती, कुणाचं घर आहे? काय सांगू, मला घरच वाटत होतं.

चकलीताई
अरेरे.
आमच्या गावच्या नाट्यगृहाचं असंच झालं होतं. जाऊ दे, वेगळा विषय.

गुळपोळी८२
व्हल्कनलाही एलेव्हेटरं होती ना? वाचलंय की एके काळी एका रांगेत नऊ उभी होती.
बरं, मूळ प्रश्न, आम्ही लेथब्रिजला नवीन. जुलैत पिवळी शेतं दिसतात ती मोहरीची का?

थंडीतलाकोकणी
@गुळपोळी८२ हो, नऊ होती. आणि ती शेतं बहुतेक कनोलाची. मोहरीचंच भावंड, तेल काढतात. मोहरीही पिकते इकडे, फ्रान्समधल्या डायजॉनला जाते म्हणे बरीचशी. फोडणीला आमच्या घरी इथलीच.

मक्याचंकणीस
फोटोसाठी शेतात शिरू नका हं, लोकांची पिकं तुडवली जातात. रस्त्यावरूनच काढा.

रविवारसकाळ
मी कधी गेलो नाही, ठाण्याच्या बाहेर फारसा पडलो नाही. पण स्टार ट्रेकचं वाचून राहवलं नाही. आम्ही भावंडं स्टीलचे डबे जोडून यान करायचो. धाकटा कायम स्पॉक, कारण त्याला भुवई एक वर करता यायची. तो आता नाही. ताई, ठशावर हात ठेवल्याचं तीनदा वाचलं.

पाऊसवेडी
दादा 🙏 भुवई माझ्या बाबांनाही जमायची, बोटं तेवढी नाही. कधी आलात तर मी नेईन तुम्हाला व्हल्कनला, खरंच.

गुळपोळी८२
आम्हीपण येतो, लेथब्रिजहून तासाभराचंच आहे. गावात खायला काय मिळतं? सासरे बाहेरचं खात नाहीत.

पाऊसवेडी
दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन जा. आम्ही यानाशेजारी गवतावर बसून खाल्लं. वारा भन्नाट असतो, कागदी ताटल्या उडतात, स्टीलच्या न्या. थिएटरबिएटर नाही हं गावात. २००९ चा स्टार ट्रेक चित्रपट आला तेव्हा गावाला तो दाखवायला कॅलगरीत खास खेळ ठेवला होता.

चकलीताई
दशम्या दुधातल्या की पाण्यातल्या? दुधातल्या टिकतात का उन्हात?

पाऊसवेडी
दुधातल्या. बाबांना त्याच लागायच्या.