ग्रेहाउंड, कोंबड्या आणि ३९ अंशांतला नाताळ: आम्ही काय करावं?

मिरजेची आजी

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं पाल्हाळ. चालवून घ्या.

मी ६८ वर्षांची, आमचे हे ७३. मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत राहतो, लेकीच्या घरापासून चार गल्ल्या. मी शाळेत होते, हे रेल्वेत गार्ड. घरात दोन कुत्री आहेत.

मोत्या हा शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड. सात वर्षांचा, ३३ किलो, कोळशासारखा काळा. मोत्या हे नाव ह्यांनी दात बघून ठेवलं, रंग बघून नव्हे. कानात अजून शर्यतीच्या काळचं गोंदण आहे. पूर्वी इथे ग्रेहाउंडला बाहेर नेताना मुसकं बांधावं लागायचं. २०१९पासून आमच्या राज्यात पाळीव ग्रेहाउंडला ती सक्ती नाही, पट्टा मात्र हवाच. ताशी साठ किलोमीटरने पळणारं हे जनावर दिवसातले अठरा तास सोफ्यावर पाय वर करून पडलेलं असतं. हे म्हणतात, आम्ही दोघं एकाच खात्यातून रिटायर झालो.

दुसरी रोझी. जॅक रसेल, वय १३, एका कानाने बहिरी, तो कान कुठला ते तिच्या सोयीनुसार बदलतं. ती मुळात शेजारच्या आजोबांची. ते वृद्धाश्रमात गेले तेव्हा "दोन आठवडे सांभाळा" म्हणून दिली, त्याला आता तीन वर्षं होतील. दर गुरुवारी तिला त्यांच्याकडे नेतो. ते तिला सगळं सांगतात, आम्हाला फक्त "कसे आहात" एवढंच विचारतात.

सध्या गुरुवारी मार्गशीर्षाची पूजाही असते. गावाकडे हे थंडीचे दिवस, हुरड्याचे. इथे आंब्यांचा सीझन! म्हणून दुसऱ्या गुरुवारी घटासमोर फळांत एक आंबाही ठेवला. मी कहाणी वाचत होते, आणि मोत्याने बसल्या जागेवरून (बसतो म्हणजे काय, ग्रेहाउंडला नीट बसता येत नाही, उभाच होता) मान लांब करून तो उचलला. कोय मी जबड्यात हात घालून बाहेर काढली. पुढची कहाणी वाचताना हात चिकट होता, देवी समजून घेईल.

आमचा दिवस ह्यांच्या वेळापत्रकावर चालतो. ५.४०ला गाडी सुटते. या दिवसांत सूर्य सहाच्या आत उगवतो आणि पावणेनऊपर्यंत मावळत नाही, तेव्हा फिरणं एक तर पहाटे नाही तर रात्रीच. उशीर झालाच तर हे फुटपाथवर हाताची पालथी बाजू टेकवून पाच सेकंद मोजतात. हात टिकला नाही तर गाडी रद्द. समोरच्यांनी अंगणात हवा भरलेला सांताक्लॉज उभा केलाय. रात्री पंखा बंद करतात, त्यामुळे सकाळी तो गवतावर सपाट पडलेला असतो. रोझी रोज त्याच्याजवळ जाऊन, वास घेऊन खात्री करून येते. मेला तो मेलाच ना?

घरी आलं की पायांच्या बेचक्यांतली कुसळं काढायची. नोव्हेंबर-डिसेंबरात इथलं गवत वाळतं आणि ही कुसळं कातडीत शिरून आत आत जातात. गेल्या वर्षी रोझीच्या पंजात एक शिरलं होतं. गुंगी देऊन काढावं लागलं, बिल बघून हे दोन दिवस पेपर वाचत नव्हते. मग आमचे पोहे. त्यात कांदा, म्हणून दोघांनाही नाही. मोत्या तरीही ओट्यावर हनुवटी टेकवून उभा राहतो, उंचीच तेवढी आहे.

आता प्रश्न. बुधवारी २५ तारखेला विहीणबाईंकडे बेंडिगोला नाताळचं जेवण आहे, अठरा माणसं. विहीणबाई इथल्याच, फार मायेच्या, आणि त्यांच्या परसात नऊ कोंबड्या मोकळ्या फिरतात. अंदाज ३९ अंशांचा आहे. गाडीने दोन तास. कुत्री ठेवून घेणाऱ्या जागा ऑक्टोबरातच भरल्या, आम्ही नोव्हेंबरात विचारलं. हे म्हणतात, "तू जा, मी दोघांना घेऊन घरी थांबतो." मला ते पटत नाही. नाताळच्या दिवशी माणूस एकटा वरण-भात खात बसणार, आणि मी तिकडे पावलोव्हा, म्हणजे क्रीम-फळांचं गोड, खाणार? त्यातून २६ला शेवटचा गुरुवार, उद्यापन आहे. म्हणजे मुक्कामही नको.

काय करावं?

ब्रिस्बेनची मुक्ता

काकू, मी जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे नाताळच्या आठवड्यात माझ्याकडे काय काय येतं ते सांगते. हॅमचं शिजवलेलं हाड, ते फुटतं आणि आतड्यात टोचतं. फ्रूटकेक आणि नाताळचं पुडिंग, त्यात मनुका असतात. मनुका-द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर ते नक्की सांगता येत नाही. मॅकॅडेमिया, म्हणजे इथला सुकामेवा. चॉकलेट. कणसाची बुरकुंडं. आणि हो, आंब्याच्या कोयी! तुम्ही हात घातलात ते बरं केलंत, पण पुढच्या वेळी घट उंचावर मांडा.

अठरा माणसांत कुणी तरी एक काका असतोच जो टेबलाखालून "एवढंसं" हॅम देतो. त्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येते. सणाला आमची तपासणी-फी दीडपट असते, हे त्या काकांना आधीच सांगून ठेवा.

गाडीत मात्र क्षणभरही सोडू नका. तुमच्या व्हिक्टोरियात तर बाहेर २८ अंश किंवा त्याहून जास्त असताना कुत्र्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडीत एकटं ठेवणं गुन्हा आहे.

अजून एक. बेंडिगोकडे उन्हाळ्यात तपकिरी साप निघतात. साप चावल्यावर कुत्रं कधी कधी कोसळतं आणि थोड्या वेळात उठून उभं राहतं. लोकांना वाटतं, वाचलं. नाही वाचलेलं. उचलून, चालू न देता, थेट दवाखान्यात.

डेक्कनचा भटक्या

आजी, आम्ही इथे पुण्यात कुत्र्याला स्वेटर घालून फिरवतोय आणि तुम्ही फुटपाथवर हात भाजून घेताय. आमची देशी राणी फक्त दिवाळीला पलंगाखाली जाते, बाकी वर्षभर पलंगावर. उपयोगाचं काही सांगता येत नाही, पण त्या सपाट सांताक्लॉजचा फोटो टाका.

पर्थचे देशपांडे

ग्रेहाउंड आणि मोकळ्या कोंबड्या? वहिनी, अजिबात नको. आमच्याकडे दोन ग्रेहाउंड होऊन गेले. पहिला इतका गरीब की नातवंडं अंगावर झोपायची. एकदा शेजाऱ्यांची कोंबडी कुंपणावरून आली. मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचा दोष नाही, आयुष्यभर त्याला हलणाऱ्या गोष्टीमागे पळायलाच शिकवलं होतं. शेजारी अजून बोलतात, पण नाताळला केक पाठवायचे ते बंद झालं.

रोझीचं ठीक आहे? ती मोत्याला कशी चालते?

दुसरं, काचेची सरकती दारं. ग्रेहाउंडला घराची सवय नसते, नव्या जागी काच दिसत नाही, सरळ आदळतो. काचेवर कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला कागदाची पट्टी चिकटवा.

माझं मत विचाराल तर साहेबांचं बरोबर आहे. एकाने थांबावं. आम्ही दोघं तीन वर्षं आळीपाळीने गेलो. लोकांना वाटायचं भांडण झालंय.

मिरजेची आजी

सगळ्यांचे आभार. देशपांडे भाऊजी, रोझीला मोत्या चालवून घेतो, कारण ती पहिल्याच दिवशी त्याच्या नाकाला चावली. तेव्हापासून तो तिच्या जेवण्याच्या भांड्यापाशीही तिरका होऊन जातो. कोंबडीत तेवढी धमक नसावी.

मुक्ता, काका कोण ते मला माहीत आहे. जावयाला सांगितलंय.

काल संध्याकाळी एक गोष्ट घडली. लेकीने हा सगळा घोळ सासूबाईंच्या कानावर घातला असावा, कारण विहीणबाईंचाच फोन आला. आधी मला वाटलं समजूत घालायला केलाय. तर म्हणाल्या, कोंबड्या दिवसभर शेडमध्ये बंद ठेवीन, नाही तरी ३९ अंशांत त्या सावली सोडत नाहीत, आणि मोत्याला कपडे धुण्याच्या खोलीत ठेवू. तिथे पाण्यावर चालणारा कूलर आहे. बेंडिगोची हवा कोरडी, त्यामुळे तो छान चालतो म्हणे. मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझा कुत्रा गेल्यापासून त्या खोलीत काही नाही. त्याची गादी अजून आहे." मी काय बोलणार! हो म्हटलं.

ह्यांना सांगितलं, तर आधी शेडच्या दाराला कडी कुठल्या बाजूने आहे ते विचारा म्हणाले. विचारलं. बाहेरून आहे, शिवाय कुलूप. मग वही काढली. ५.३०ला प्रस्थान, म्हणजे उन्हाच्या आधी पोहोचायचं. वुडएंडला दहा मिनिटं थांबा, पाणी आणि पाय मोकळे करायला. परत निघायचं संध्याकाळी सातला, उकाडा उतरल्यावर, म्हणजे उद्यापनाच्या आधी घरी. वाऱ्याची दिशा बदलली तर तासाभरात पंधरा अंशांनी खाली येतं इथे, पण बेंडिगोपर्यंत तो वारा पोहोचेल का, यावर ह्यांचा आणि जावयाचा वाद चालू आहे.

आता फक्त एवढं सांगा, अठरा माणसांना पुरणपोळ्या न्यायच्या तर किती? इथली माणसं एकच खातात आणि "खूप भरपूर" म्हणतात, पण विहीणबाईंना मागच्या वेळी चार लागल्या होत्या. आणि आजोबांसाठी दोन वेगळ्या ठेवायच्यात, गुरुवारी रोझीबरोबर जाताना.

ब्रिस्बेनची मुक्ता

चाळीस करा. काचेवर पट्टी लावायला विसरू नका. आणि पुरणात जायफळ असेल तर मोत्यापासून लांब, ओट्यापेक्षा उंच.