मदत हवी आहे : उपचारांनंतर मावशीचा सीए १५-३ वाढलाय

नमस्कार मंडळी,

मावशी जुळे सोलापुरात राहते. स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन न वाढलेला). ऑपरेशन, केमो, रेडिएशन गेल्या वर्षी पार पडलं. आता लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणाऱ्या औषधाची, रोज एक गोळी. हाडं दुखणं, धाप, वजन उतरणं यातलं काही नाही.

परवा मावसभावाने तिचं फुल बॉडी पॅकेज करून घेतलं. सीए १५-३ (स्तनाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा घटक, म्हणजे ट्यूमर मार्कर) आला ३८, लॅबची मर्यादा ३०. आधीचा २२ होता, पण तो दुसऱ्या लॅबचा. तेव्हापासून घरात कुणाला घास गोड लागत नाही. भाऊ म्हणतो, उद्याच्या उद्या पेट स्कॅन (कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय का ते बघणारा) करू.

मी वाचलं ते असं : आजार पसरलेला असेल तर औषध लागू पडतंय का, हे बघायला हा मार्कर उपयोगी पडतो. पण पहिल्या टप्प्यांतले उपचार संपल्यावर, काही त्रास नसताना तो नियमित करू नये, असं अमेरिकेतल्या अस्को या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लिव्हरच्या आजारात, अगदी बी-१२ च्या कमतरतेतही तो वाढू शकतो (मावशी शुद्ध शाकाहारी, तिचं बी-१२ कायम कमी!). शिवाय लॅब बदलली की आकडे बदलतात. उलट तो नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही, वर्षाची मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी चुकवायची नाहीच.

भावाने सीबीसीवरून न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तरही काढलं, ४ आलं. ते जास्त असलेल्या रुग्णांचे निकाल सरासरीने वाईट दिसलेत, हे खरं. पण त्यातले बरेच अभ्यास उपचारांआधीच्या रक्तावरचे आहेत, आणि मावशीला त्या दिवशी सर्दी-ताप होता. तापातही न्यूट्रोफिल वाढतातच. मला तरी त्या ४ वरून काही ठरवावंसं वाटत नाही.

आमच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या सोमवारची आहे. तोवर बी-१२ आणि लिव्हरची तपासणी करून ठेवू का? सीए १५-३ त्याच लॅबमध्ये पुन्हा करायचा तर किती दिवसांनी? दुसरं मत घ्यायचं झाल्यास बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल जवळ आहे, की रिपोर्ट घेऊन थेट परळला टाटाला जावं? कुणी अशा वाढलेल्या आकड्यातून गेलं असेल तर कृपया लिहा, पुढे काय निघालं तेही.

आणखी एक. मावशी रिपोर्ट मागतेय. मला दाखवावासा वाटतो, भावाचा विरोध आहे. तुमच्या घरी काय केलंत?