छोट्या कॉलेजचा फुटबॉल: खरी मजा इथेच आहे (वाद घालायला तयार आहे)

हूजियर_काका

मित्राने मिशिगन विद्यापीठाच्या मैदानातला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "याला म्हणतात कॉलेज फुटबॉल!" एक लाख सात हजार माणसं बसतात तिथे. फोटोत मित्र सोडून बाकी सगळे मुंगीएवढे. मी उत्तर दिलं, बाबा रे, ती एक कंपनी आहे, शेजारी कॉलेजही चालवते. तो चिडला. म्हणून हा धागा.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. आणि कॉलेजच्या खेळांचे तीन विभाग आहेत. पहिल्यात टीव्हीचा पैसा. जुलै २०२५ पासून तर तिथली कॉलेजं खेळाडूंना थेट मानधन देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पोरं फी भरून शिकतात, पहाटे व्यायामशाळेत जातात, शनिवारी मार खातात आणि सोमवारी प्रयोगशाळेत येतात.

माझी मुलगी इंडियानात ग्रीनकासल गावातल्या डीपॉ विद्यापीठात होती. गाव म्हणजे काय, चौकात कोर्टाची इमारत आणि तिच्या आवारात दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा व्ही-१ उडता बाँब चौथऱ्यावर चढवून ठेवलेला. (का ठेवलाय ते विचारू नका, बघायला मात्र जा.) तिथून उत्तरेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर क्रॉफर्ड्सव्हिल. तिथे वॉबॅश कॉलेज. फक्त मुलांचं, हजाराच्या आतली पटसंख्या. या दोघांचं फुटबॉलवैर १८९० पासूनचं. दोन्ही गावांतून मोनॉन रेल्वे जायची. तिच्या इंजिनावरची एक घंटा १९३२ पासून या सामन्याची फिरती ढाल झाली. वजन सुमारे १३५ किलो, अर्धी लाल, अर्धी सोनेरी. नोव्हेंबरात हंगामाचा शेवटचा सामना हाच. आधीचे सगळे हरलात तरी चालेल, घंटा आणा, असा एकूण भाव.

मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही दोघं गेलो. मक्याची कापणी झालेली, शेतात नुसती धांडं, वारा असा की कान आहेत की गेले ते चाचपून बघायचं. गाड्यांच्या डिक्क्या उघडून टेबलं मांडलेली, कागदी पेल्यांत वाफाळती चिली (खिमा-राजम्याचं तिखट कालवण). बायकोने फॉइलमध्ये थालीपीठं नेली होती. शेजारच्या गाडीतले सोनेरी स्वेटर घातलेले ऐंशीच्या घरातले आजोबा आले, एक खाल्लं, दुसरं मागितलं, तिसऱ्याच्या वेळी स्वतःची घडीची खुर्चीच घेऊन आले. तरुणपणी ते याच मैदानावर खेळले होते.

सामन्यात एक आडदांड पोरगा पडला आणि पटकन उठेना. मुलगी ताडकन उभी राहिली. "बाबा, तो माझ्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आहे! त्याचे स्फटिक कधीच पडत नाहीत!" तो उठला तेव्हा आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी त्याला नावाने हाक मारली. एक लाखाच्या मैदानात हे होईल?

कोण जिंकलं ते सांगत नाही, दोन्हीकडची मंडळी इथे असणार. शेवटची शिट्टी झाल्यावर जिंकलेली पोरं चेंडू, हेल्मेट सगळं टाकून घंटेकडे धावली. मग अर्धा तास ठण ठण ठण. आईबाप, धाकटी भावंडं, सगळे रांग लावून. मीही एक टोला मारून आलो. ही मजा पैशाने उभी करता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

तिरकस

ज्या खेळात पायाला चेंडू क्वचितच लागतो त्याला फुटबॉल म्हणणाऱ्या देशाबद्दल मी बोलत नाही. थालीपीठाची कृती टाका.

आरोग्यम्

काका, लिहिलंय छान, पण "पडला आणि पटकन उठेना" हे वाक्य तुम्ही विनोदाच्या वाटेने नेलंत आणि माझं वाचन तिथेच थांबलं.

मी ओहायोत फिजिओथेरपी करते. २०१७ साली बोस्टन विद्यापीठाच्या गटाने फुटबॉल खेळलेल्यांच्या दान केलेल्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. फक्त कॉलेजपर्यंत खेळलेले ५३ होते, त्यांतल्या ४८ जणांमध्ये डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा तो आजार, सीटीई, सापडला. यात धंदेवाईक खेळाडू मोजलेलेच नाहीत. डोक्याला बसणारा धक्का पहिला विभाग की तिसरा हे विचारत नाही.

आमच्या ओळखीच्यांचा मुलगा अशाच एका छोट्या कॉलेजात (नाव घेत नाही) खेळायचा. डोकं आपटलं, दोन आठवडे अंधाऱ्या खोलीत होता, फोनसुद्धा बघवत नव्हता. चौथ्या आठवड्यात मैदानावर परत, कारण "होमकमिंग आहे, आजोबा येणार आहेत". (होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थी कॉलेजात परत येतात तो सोहळा.) मोठ्या कॉलेजात निदान डॉक्टरांची फौज असते. तुमच्या या घरगुती, गोड वातावरणात "नाही खेळत" म्हणणं पोराला उलट जास्त अवघड जातं, कारण रांगेतला प्रत्येक जण त्याला नावाने ओळखतो.

वॉबॅशी_०९

घंटेचा विषय निघालाय आणि धागा डीपॉवाल्याने काढलाय! थांबा जरा.

मी वॉबॅशचा. नाशिकहून थेट क्रॉफर्ड्सव्हिल, त्याआधी मका फक्त भाजून खाल्ला होता. आमच्या गोष्टी सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. १९६५ साली आमचा एक विद्यार्थी मेक्सिकोहून आलेला पाहुणा असल्याची बतावणी करून डीपॉत गेला. त्यांनी आपलेपणाने घंटा कुठे लपवलीय ते दाखवलं. पुढे रात्री काय झालं ते ओळखा. मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन फ्रिहोलेस', म्हणजे घेवडा. आणि २००१ चा सामना: बरोबरी, शेवटचा डाव, लांबलचक पास. आमच्या एकाने चेंडू झेललाच नाही, उडी मारून मागच्या गड्याकडे टोलवला, आणि तो घेऊन पळाला. मी तेव्हा नाशिकला शाळेत होतो, पण वॉबॅशमध्ये चार वर्षं काढल्यावर ते आपण डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटायला लागतं.

आरोग्यम् ताईंच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा घंटेचंच बोलतो.

कोरडा_हिशोब

मी बारा वर्षं कॉलेजांच्या प्रवेश आणि अर्थसंकल्पाच्या खात्यांत काढली आहेत. "पैशाने उभी करता येत नाही" हे वाचून हसू आलं. काका, ती पैशासाठीच उभी केलेली आहे.

तिसऱ्या विभागात संघ मोठे असतात, शंभर पोरं सहज. खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, म्हणजे त्यांतला बहुतेक जण काही ना काही फी भरतोय. पटसंख्या नऊशे असेल तर शंभर खेळाडू म्हणजे दर नऊ विद्यार्थ्यांमागे एक. प्रशिक्षक गावोगावच्या शाळा फिरतो तो नुसते खेळाडू शोधायला नाही, पट भरायला. मुलं, त्यातही मुलगे, कमी यायला लागले की छोटी कॉलेजं फुटबॉल सुरू करतात, हा या धंद्यातला ठरलेला उपाय आहे. आणि तो दर वेळी लागू पडत नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्नने २००७ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केला. ३१ मे २०२४ ला कॉलेजच बंद झालं.

आणि ते सोनेरी स्वेटरचे आजोबा. त्यांच्याकडे देणगीचा अर्ज कधी जातो माहितीय? घंटेच्या आठवड्याच्या आगेमागे. मीच पाठवायचो, दुसऱ्या एका कॉलेजातून.

सदाशिव_पेठी

हिशोबराव, आजोबा देणगी देतात म्हणजे त्यांचं प्रेम खोटं ठरतं का? गणपतीला वर्गणी देतो म्हणून कोणी आरती खोटी म्हणत नाही.

मला हे वाचताना भरत नाट्य मंदिर आठवलं. पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी, "अरे आवाज कुणाचा!" करून घसे बसवलेली पोरं, आणि स्टेजवर आपल्याच बाकावरचा भिडू दाढी चिकटवून म्हातारा झालेला. दाढी अर्धी सुटली तरी आपण टाळ्या वाजवतो, कारण ती रात्री दोनला कुणी चिकटवली ते आपल्याला माहीत असतं. काकांच्या स्फटिकवाल्या पोराचं तेच. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात अंतर नसणं ही मोठी गोष्ट आहे.

आरोग्यम्

करंडक हरला तर पोरं वैशालीत जाऊन इडली खातात. मेंदूला सूज येत नाही. तुलना नको.

कायदा_जाणतो

दुसरंच एक विचारतो. वॉबॅशच्या होमकमिंगच्या आठवड्यात पहिल्या वर्षाची पोरं कॉलेजच्या चॅपलसमोर उभी राहून पाऊण तास कॉलेजचं गीत पुन्हा पुन्हा बेंबीच्या देठापासून म्हणतात, आणि लालपांढऱ्या पट्ट्यांचे ओव्हरऑल घातलेले मोठे विद्यार्थी त्यांच्या तोंडासमोर येऊन चूक व्हावी म्हणून ओरडतात. याला परंपरा म्हणायचं? महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. आपल्याकडे असं कुठे झालं असतं तर आपणच मोर्चा काढला असता. इंडियानात झालं की "काय ते वातावरण!"

वॉबॅशी_०९

मी त्या रांगेत उभा होतो. घसा बसला, आईला फोनवर माझा आवाज ओळखू येईना. ते गीत भयंकर लांब आहे, आणि आजही झोपेतून उठवलंत तर म्हणेन. अपमान वाटला नाही. पण खरं सांगतो, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कोरियन पोराला काय वाटलं ते मी तेव्हा विचारलं नाही. मला ती परंपरा आवडते आणि तुमचा प्रश्नही बरोबर आहे.

मीनल_मिनेसोटा

फक्त मुलांचं कॉलेज, फक्त मुलांचा खेळ आणि बाहेर थालीपीठं वाटणारी बायको. एवढंच नोंदवते.

हूजियर_काका

एकेकाला उत्तर देतो.

मीनलताई, थालीपीठं मी थापली होती. बायकोने गाडी चालवली. मूळ लेखात "नेली होती" असं लिहिलंय, "केली होती" नाही.

कोरडा_हिशोब, मान्य. पैशाचा संबंध नाही असं म्हणालो ते भाबडेपणाचं होतं. पण आजोबांना अर्ज पाठवायला आधी आजोबांना तिथे यावंसं वाटावं लागतं ना? ते येणं तुमच्या खात्याने बनवलेलं नाही. मॅसेच्युसेट्समध्ये विल्यम्स कॉलेज होमकमिंगचा सामना जिंकलं की पोरं अंगावरच्या चिखलासकट स्प्रिंग स्ट्रीट चढून न्हाव्याच्या दुकानापर्यंत चालत जातात. १९७१ पासून. त्यात कोणाची काय कमाई? न्हाव्याची असेल थोडी.

आरोग्यम् ताई, तुमच्या मुद्द्याला बगल देत नाही. मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचे प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी माहीत असतील. सरावात एकमेकांना पाडायचंच नाही, शिट्टी नाही, आणि पोरांनी "कोच" नाही, नुसतं "जॉन" म्हणायचं. असं करून २०१२ ला निवृत्त होईपर्यंत ४८९ सामने जिंकले. कॉलेज फुटबॉलमध्ये तेवढे कोणीच जिंकलेले नाहीत. आणि हे छोट्या कॉलेजांत! हार्वर्ड, येल वगैरेंच्या आयव्ही लीगने हंगामातल्या सरावातलं पाडणं बंद करायला २०१६ उजाडलं. शहाणपण छोट्या कॉलेजाला आधी सुचलं होतं. शिवाय ते ५३ मेंदू दान केलेले होते. ज्यांच्या घरच्यांना शंका होती त्यांनीच दान केले असणार.

आरोग्यम्

दान केलेल्या मेंदूंचा मुद्दा बरोबर. सगळ्या खेळाडूंना तो आकडा लावता येत नाही, आणि मी लावलेलाही नाही. पण शून्यावरही जाता येत नाही.

गॅग्लियार्डी मला आवडतात. पण एवढी वर्षं ते जिंकत होते आणि बाकीचे प्रशिक्षक बघत होते. किती जणांनी त्यांची पद्धत उचलली? तो माणूस अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे. आणि पाडणं सरावात टाळलं तरी शनिवारी टळत नाही.

एक सरळ विचारते, राग मानू नका. तुमची मुलगी स्टँडमध्ये होती. मुलगा असता आणि घंटेसाठी मैदानात उतरायचं म्हणाला असता, तर?

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. थालीपीठाची कृती अजून आलेली नाही.

वॉबॅशी_०९

काका, चार दिवस झाले, कुठे आहात? घंटा हरवली का पुन्हा?

हूजियर_काका

इथेच आहे. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

लाइनमन, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या रांगेतला गडी, म्हणून नाही पाठवणार. दर डावाला डोक्यावर डोकं, ते मी स्टँडमधूनही नीट बघू शकत नाही, त्या वेळी चिलीच्या पेल्यात बघतो. किकर म्हणून, नुसती चेंडूला लाथ मारायला, कदाचित पाठवला असता. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, किकरही नाही.

या नोव्हेंबरात मात्र जाणार आहोत, गाडी तीच चालवणार. तिरकसराव, भाजणी सासूबाईंची आहे, प्रमाण त्या कोणालाच सांगत नाहीत.