बुजऱ्या कुत्रीला स्पर्धेच्या रिंगणात कसे उभे करावे?

प्रश्न

आमच्याकडे पावणेदोन वर्षांची कारवान जातीची मादी आहे, नाव रेवा. ती साडेचार महिन्यांची असताना सोलापूरकडच्या एका वाडीतून आली आणि तोपर्यंत तिने चार-पाच माणसांपलीकडे कोणी पाहिले नसावे. पुण्याच्या कर्वेनगरातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर ती ‘हील’ (पायाला लागून चालणे), ‘सिट’, ‘स्टे’ हे सारे इतके नेटके करते की पाहणाऱ्याने कौतुक करावे. मात्र पाहणारा अनोळखी असला, तर ती शेपूट पोटाशी घेऊन माझ्या पायांमागे दडते. आज्ञापालन स्पर्धेत परीक्षक जवळ येऊन कुत्र्याच्या अंगाला हात लावतात आणि त्याने जागचे हलायचे नसते, तिथे आमचे घोडे अडले आहे.

एका प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून तिला बिस्किटे देवविली. पंधराव्या दिवशी तिने एका गृहस्थांच्या हातून बिस्कीट घेतले आणि तोच हात डोक्याकडे येताच त्यांच्या बाहीवर तोंड टाकले. इजा झाली नाही, पण मी धास्तावले आहे. पुढे काय करावे, आणि यंदाच्या थंडीत स्पर्धेचा विचार करावा का?

प्रतिसाद १

बिस्किटांचा प्रयोग आधी थांबवावा. बुजरे कुत्रे खाऊच्या लोभाने आपल्याला झेपते त्याहून जवळ जाते, खाऊ संपतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की परका माणूस वीतभर अंतरावर उभा आहे. खाऊ आपल्याच हातून मिळावा आणि त्याचा क्रम कधी मोडू नये: आधी माणूस दिसावा, मग उकडलेल्या चिकनचा तुकडा यावा, माणूस नजरेआड झाला की चिकनही बंद व्हावे. आपला हात पिशवीकडे आधी गेला, तर काही दिवसांत चिकन हीच धोक्याची सूचना ठरते. हा घोळ मी माझ्या पहिल्या कुत्र्याच्या बाबतीत वर्षभर घातला आहे.

अंतर किती असावे, हे रेवाच सांगेल. ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, पुढचा पंजा उचलून धरणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे यांपैकी काही दिसले, किंवा एरवी झडप घालून घेतलेला तुकडा तिने तोंडातून खाली टाकला, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून मागे फिरावे. सुरुवातीला म्हात्रे पुलाजवळचा नदीकाठ सकाळी सातच्या आत बरा. माणसे येतात आणि आपल्या वाटेने निघून जातात. गणपतीआधीच्या दोन महिन्यांत मात्र संध्याकाळी तिकडे फिरकू नये, कारण ढोल-ताशा पथकांच्या सरावात माणसाचेही डोके ठिकाणावर राहत नाही.

परीक्षकाच्या स्पर्शाची तयारी वेगळी करावी लागते. अमेरिकन केनेल क्लबच्या नोव्हिस (नवशिक्यांच्या) वर्गात हँडलर, म्हणजे कुत्र्याला रिंगणात आणणारा माणूस, सहा फुटांवर उभा राहतो आणि परीक्षक एका हाताने डोके, धड व मागचा भाग यांना स्पर्श करतो. आपल्या स्पर्धेतील तपशील आयोजकांच्या नियमावलीत पाहून घ्यावा. घरच्यांपासून सुरुवात करून पुढे ओळखीच्या माणसाला, तिच्या डोळ्यांत न पाहता, समोरून सरळ न येता वळसा घेऊन जवळून फक्त जाऊ द्यावे. मग थांबणे, मग हात अर्ध्यावर आणून परत घेणे, मग खांद्यावर एक बोट, आणि डोके सर्वांत शेवटी. एका वेळी तीन-चार खेपा पुरेत आणि तिला निघून जायचे असेल तर जाऊ द्यावे. पिलांचा जग ओळखण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. तो रेवाच्या वाट्याला नीट आला नाही, त्यामुळे ती सर्वांची लाडकी मैत्रीण होईल अशी आशा धरू नये. तशी गरजही नाही, कारण गुण स्थिर उभे राहण्याला आहेत, शेपूट हलवण्याला नाहीत.

यंदा नाव देऊ नये. रिंगणाबाहेर दूर बसून चिकन खाऊन परत यावे, एवढीच यंदाची स्पर्धा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. कंबर किंवा कान दुखत असल्यास कुत्रे स्पर्श टाळते, म्हणून पशुवैद्यांकडून एकदा तपासून घ्यावे. दुसरे, कारवानचे डोके निमुळते असल्याने साधा पट्टा बुजण्याच्या झटक्यात सहज निसटतो. कर्वे रस्त्यावर ती गोष्ट महागात पडेल. ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा वापरावा. चोक चेन (ओढताच गळा आवळणारी साखळी) कोणी सुचवली तर नम्रपणे नकार द्यावा, कारण गुरगुरणे दाबले गेले की चावण्यापूर्वीची सूचनाच नाहीशी होते.

धागाकर्तीचे उत्तर

तपासणीत काही निघाले नाही आणि पट्टा बदलला आहे. गेले बारा दिवस आम्ही नदीकाठी जात आहोत. काल सायकलवरून दूधवाले गेले, तेव्हा रेवाने त्यांच्याकडे पाहिले आणि माझा हात पिशवीकडे जाण्याआधीच मान वळवून माझ्याकडे पाहिले, जणू काही ‘माणूस आला, चिकन कुठे आहे?’ असे विचारत होती.