प्रति: दशांश आणि बिशपची चौकशी

वर कुणीतरी म्हटलंय की मॉर्मन चर्चमध्ये (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, पगाराची स्लिप मागून दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तपासतो. तसं होत नाही. वर्षअखेरीस कुटुंब, बहुतेकदा मुलाबाळांसकट, बिशपसमोर बसतं. वर्षभरात दिलेल्या रकमेचा छापील हिशेब हातात असतो आणि प्रश्न एवढाच, की हा पूर्ण दशांश आहे का? सभासद म्हणेल ते नोंदवलं जातं. करापूर्वीचं उत्पन्न धरायचं की हातात येणारं, हेही बिशप ठरवत नाही. १९७० च्या पत्रात चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वानेच सांगितलं, की दशांश उत्पन्नावर द्यायचा, याहून जास्त खुलासा कुणी करू नये. शिवाय बिशप बिनपगारी असतो, त्याच वस्तीतला. त्याने शेजाऱ्याच्या कमाईत डोकावू नये हे मला मनापासून पटतं.

पण चर्चेत एक मुद्दा राहिलाय. 'पूर्ण' असं उत्तर दिल्याशिवाय मंदिरप्रवेशाचा (मंदिर म्हणजे रोजच्या प्रार्थनास्थळाहून वेगळी, खास विधींची वास्तू) परवाना मिळत नाही, आणि मंदिरातलं लग्न परवान्याशिवाय आईवडिलांनाही पाहता येत नाही. अमेरिकेत तर सगळ्यांना पाहता यावं म्हणून आधी बाहेर नोंदणी लग्न केलं, तर मंदिरातल्या विवाहविधीसाठी वर्षभर थांबावं लागे. ही अट मे २०१९ मध्ये काढली. तोवर, ज्या बापाने हलाखीत दशांश थकवला आणि प्रामाणिकपणे तसं सांगितलं, तो लेकीच्या लग्नात बाहेर बसायचा. शब्दावर विश्वास ठेवणारी पद्धत खरं बोलणाऱ्यालाच एवढी महाग पडावी, याचं मला फार वाईट वाटतं.