मदत हवी आहे: उडत्या मॅन्टिकोरला ट्रिप केलं तर तो खाली पडतो का? (डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती, २०१४)

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात मित्राच्या गच्चीवर दर रविवारी खेळतो. उन्हाळ्यात दिवसा गच्चीवर पाय टेकवत नाही, म्हणून सातनंतर बसतो. डीएम (खेळ चालवणारा, राक्षसांचे फासे टाकणारा) मी.

या रविवारी मॅन्टिकोर (पंखांचा, काटेरी शेपटीचा राक्षसी प्राणी) साठ फुटांवरून शेपटीचे काटे मारत होता. आमचा तिरंदाज बॅटल मास्टर (डावपेच लढवणारा योद्धा) आहे. त्याचा बाण लागला, त्यावर त्यानं ट्रिप ॲटॅक (शत्रूला पाडायचा डाव) लावला. मॅन्टिकोर आकारानं लार्ज, म्हणजे डावाच्या मर्यादेत बसतो. मी स्ट्रेंथ सेव्ह (ताकदीवर वाचायचा फासा) टाकला, फाशावर ४. सेव्ह गेला. पोरगा उठून उभाच राहिला, "प्रोन (आडवा) झाला, आण खाली!" आणि सहा फासे मुठीत खुळखुळवायला लागला. तेवढ्यात आमचा जुना पाथफाइंडरवाला (तो असाच दुसरा खेळ) म्हणतो, "का बे, हवेतल्याला काय पाय घालून पाडतोस? आमच्यात उडणाऱ्याला ट्रिप होतच नाही." त्याचंही खोटं नाही, पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत तसं स्पष्ट लिहिलंय.

मी गडबडून मधलंच काहीतरी ठरवलं: वीस फूट खाली आला, नुकसान शून्य. दोघंही फुगले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर असून दहा मिनिटं कुणी हात लावला नाही, यावरून ओळखा.

तर पूर्ण साठ फूट पाडायला हवा होता का? पंख असलेलं जनावर दगडासारखं पडेल हे मला पटत नाही. (खरं सांगायचं तर तो अजून दोन रविवार जगवायचाय, हेही डोक्यात होतंच.)

प्रतिसाद १
पडतो. 'ट्रिप' या नावावर जाऊ नका, प्रोन झाला का एवढंच बघा. उडणारा प्रोन झाला किंवा त्याचा वेग शून्य झाला, की खाली येतो. सुटका फक्त बिहोल्डरसारख्या जागच्या जागी तरंगणाऱ्याची, नाहीतर जादूनं वर धरलेल्याची. दर १० फुटांना १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) नुकसान, म्हणजे तुमचे ६डी६, सरासरी २१. मॅन्टिकोरचे छापील हिट पॉइंट (जीव) ६८. लगेच मरत नाही, घाबरू नका.

पंखांचं पटत नसेल तर झॅनाथारच्या पूरक नियमपुस्तकात (२०१७) ऐच्छिक नियम आहे: जेवढं पडला त्यातून उडण्याचा वेग वजा करा, मग नुकसान मोजा. ६० मधून ५० गेले, उरले १० फूट, १डी६. पण जमिनीवर येतोच, आणि उठण्यात त्याची अर्धी चाल जाते. तोवर शेजारच्या तलवारवाल्याला ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) आणि लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हांटेज (दोनांतला लहान). हे तिरंदाजाला आधी सांगा, मग फासे खुळखुळवू दे.

धागाकर्ता
आभार! ऐच्छिक नियम घेतो. पण मागचा निकाल फिरवायचा का? तिरंदाज सकाळपासून फोन करून ६डी६ मागतोय.